गंजिफा : चित्र उरले, खेळ गेला

जपानी पत्ते जमविण्याचा छंद आता जगभर पसरला आहे. १९९६ साली जपानात ‘पोकेमॉन’च्या पत्त्यांची मालिका निघाली. त्या वेळी शाळेत असलेली मुले आज चाळिशीच्या घरात पोचली, तरी त्यांतील कित्येकांचा हा नाद सुटलेला नाही. एकेका दुर्मिळ पानासाठी ते मोठ्या रकमा मोजतात. वडीलधाऱ्यांना हे खूळ वाटते. परंतु हसण्यापूर्वी त्याचे मूळ पाहणे उचित ठरेल.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपले पत्ते जपानात नेले. ‘कार्ता’ या त्यांच्या शब्दावरून जपानी भाषेत ‘कारुता’ हा शब्द रूढ झाला. पुढे जुगाराच्या भयाने तेथील सत्ताधीशांनी पत्त्यांवर वारंवार बंदी घातली, तेव्हा जपानी कारागिरांनी आकडे काढून टाकून त्या जागी फुले आणली. बारा महिन्यांची बारा फुलझाडे आणि प्रत्येकाची चार पाने, असा अठ्ठेचाळीस पानांचा ‘हानाफुदा’ तयार झाला. ही पाने बनविण्यासाठी १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी क्योतो येथे जो व्यवसाय काढला, तोच आजचा ‘निन्तेन्दो’. आणि पोकेमॉनचा जन्मही त्याच्याच खेळयंत्रावर झाला. परक्याकडून घेतलेला खेळ जपानने आपलासा केला आणि खेळत ठेवला, हे यातील सार होय.

मसुऱ्याचा भरतगड ज्या वाडीकर सावंतांनी बांधला, त्यांच्याच सावंतवाडीत याहून जुन्या परंपरेचे पत्ते आजही रंगविले जातात. गंजिफा हा खेळ मोगलांबरोबर या देशात रुजला. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये एका स्नेह्याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात आठ रंग व ९६ पाने असत. आपल्याकडे त्याचे रूप पालटले आणि दशावतारी गंजिफा घडला : मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा, एकूण १२० वाटोळी पाने. पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डाव रामाने उघडायचा, रात्री कृष्णाने. हुकूम नाहीच, पडलेली पाने जो लक्षात ठेवील, तो जिंकेल. स्मरणशक्तीची अशी तालीम क्वचितच दुसरा खेळ देत असेल.

ही कला मरणपंथाला लागली असता १९७०च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे व राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर तयार केले. नाझी राजवटीमुळे १९३३ साली मुंबईस आलेले रुडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफांचा ध्यास घेऊन देशोदेशीचे संच अभ्यासले. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरलेल्या गंजिफांच्या प्रदर्शनाचा ग्रंथ त्यांचाच. छंदिष्टांचे हे ऋण मोठे आहे. त्यांच्याअभावी आज गंजिफा केवळ शब्दकोशात उरला असता.

तथापि संग्राहक वस्तू वाचवितो. खेळ वाचविणे त्याच्या एकट्याच्या हातचे नव्हे. आज गंजिफाचा संच विकत घेणारा तो बहुधा भेट म्हणून देतो वा भिंतीवर लावतो. डाव मांडणारी घरे शोधावी लागतात. चित्र उरले, खेळ गेला! आणि खेळच गेला, की पानांवरील मासा, कासव, परशू यांची भाषा पुढच्या पिढीला मुकी होते.

हाताने रंगविलेला संच महाग असतो, तो मुलांच्या हाती कसा द्यावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर स्वस्त छापील संच हे होय. त्याने चितारी कारागिराचे पोट मारले जाण्याचे कारण नाही. ज्याला खेळाची गोडी लागेल, तोच उद्या हातच्या संचाची किंमत जाणेल. पत्ते म्हणजे जुगार, हा दुसरा आक्षेप. परंतु दोष पैजेचा आहे, पानांचा नव्हे. सिंधुदुर्गातील प्रत्येक माध्यमिक शाळेला व सार्वजनिक वाचनालयाला नियमांच्या पुस्तिकेसह एक छापील संच मिळावा आणि सुट्टीत त्याच्या स्पर्धा व्हाव्यात, याला फार मोठी तरतूद लागणार नाही. एखाद्या उत्साही शिक्षकाने मनावर घेतले, तर सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही.

मसुऱ्याच्या परिसरातील मुलांना दशावतार पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटकात ते त्यांना भेटतात. ते नाटक जगले, कारण त्याचे मुकुट कोणी काचेच्या कपाटात ठेवले नाहीत; ते दरसाल कोणाच्या तरी मस्तकी चढत राहिले. गंजिफाचेही तेच व्हावे. जपानी पाने जमविणाऱ्या मुलाला रागे भरण्यापेक्षा त्याच्या हाती ही वाटोळी पाने द्यावीत आणि समोर डाव मांडून बसावे.