हातचे आणि पळते

रात्री नऊला तो प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम सुरू झाला की आमच्या घरात खुर्चीवरच्या स्पर्धकापेक्षा आईलाच जास्त घाम फुटतो. ‘‘ऊठ रे बाबा, चेक घे आणि घरी जा,’’ असे ती पडद्याकडे पाहून मोठ्याने सांगते. वडिलांचे नेमके उलटे. ‘‘खेळ! घरून काय घेऊन आला होतास?’’ वाचकहो, तुमच्याही घरी ही दोन माणसे असतीलच. क्वचित ती एकाच माणसात असतात.

३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले, तेव्हाचा हिशेब आठवून पाहा. पाचव्या उत्तराला १० हजार पक्के, दहाव्याला ३ लाख २० हजार पक्के. चौदावे उत्तर बरोबर आले की ५० लाख, पंधराव्याला एक कोटी. पण पंधरावे चुकले तर थेट ३ लाख २० हजारांवर घसरण. वडिलांचे ‘घरून काय आणले होते’ इथे फसते. चौदाव्या उत्तरानंतर ते ५० लाख स्पर्धकाचेच झालेले असतात, फक्त खुर्चीवरून उठायचा अवकाश. पुढचा प्रश्न घेतो तो स्वतःचे ४६ लाख ८० हजार पणाला लावून.

आता कागद-पेन्सिल घ्या. चारपैकी दोन उत्तरे बाद झाली आहेत आणि उरलेल्या दोहोंत काहीच सुचत नाही, म्हणजे छापा की काटा. एक कोटीचे निम्मे आणि ३ लाख २० हजारांचे निम्मे मिळून होतात ५१ लाख ६० हजार. हातातल्या ५० लाखांपेक्षा जास्त! गणित म्हणते, खेळा. पण हे गणित शंभर वेळा खेळणाऱ्याचे आहे. त्या खुर्चीवर माणूस आयुष्यात एकदा बसतो, त्याच्या वाट्याला सरासरी येत नाही. एक तर कोटी येतो, नाही तर घसरण.

मुंबईचे हर्षवर्धन नवाथे २००० साली या कार्यक्रमातले पहिले करोडपती झाले. वय अवघे २७, स्पर्धा परीक्षेची तयारी चाललेली. शेवटचा प्रश्न आला तो संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा राज्यघटना कोणाला देते, असा. उत्तर होते अॅटर्नी जनरल. लोक म्हणाले, काय धाडस! मला त्यात धाडसापेक्षा अभ्यास जास्त दिसतो. राज्यघटना हा तर त्या परीक्षेचा रोजचा विषय. ज्याला विषय ठाऊक आहे त्याच्यासाठी तो जुगार उरत नाही. तोच प्रश्न माझ्यापुढे आला असता तर आईचे ऐकून मी निमूट उठलो असतो.

याहून अवघड प्रसंग २०१९चा. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांची खिचडी शिजवत. मानधन महिना दीड हजार रुपये. त्या एक कोटी जिंकल्या आणि पुढे सात कोटींचा प्रश्न आला. सर्वाधिक राज्यपाल कोणत्या राज्याने दिले? चुकल्यास पुन्हा तेच ३ लाख २० हजार. गणित मांडले तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता १४ टक्के असली तरी खेळणे फायद्याचे ठरते, आणि डोळे मिटून बोट ठेवले तरी ती २५ टक्के असते! तरीही ताडेताई खेळ थांबवून उठल्या. उत्तर बिहार होते.

चूक केली का त्यांनी? दीड हजाराच्या हिशेबाने एक कोटी म्हणजे साडेपाचशे वर्षांचे मानधन. पहिल्या कोटीने घर बदलते, मुलांचे शिक्षण होते, म्हातारपणाची काळजी मिटते. पुढच्या सहा कोटींनी आणखी किती बदलणार? डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ सालीच हे लिहून ठेवले. गरिबाच्या हाती लॉटरीचे तिकीट आहे, वीस हजार मिळतील किंवा काहीच नाही, दोन्हींची शक्यता सारखी. त्याने ते नऊ हजाराला विकले तर तो मूर्ख नव्हे, असे बर्नुली म्हणतो. आणि श्रीमंताने ते नऊ हजाराला घेतले नाही तर मात्र तो मूर्ख. रुपया तोच, पण प्रत्येक खिशात त्याचे वजन वेगळे.

उलटेही घडते. हॉलंडमधल्या पेट्यांच्या खेळात एका स्पर्धकाच्या मोठ्या रकमा एकामागून एक हातच्या गेल्या. अखेर दोनच पेट्या उरल्या, एकीत १० युरो, दुसरीत १० हजार. सहा हजार घेऊन थांबा, असे त्याला सांगितले होते. तो थांबला नाही आणि १० युरो घेऊन घरी गेला. हरत आलेला माणूस भरपाईसाठी जास्तच बेफाम होतो, हे अभ्यासकांनी अशाच खेळांवरून दाखवले. शेअर बाजारात पोळलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

मला या संदर्भात आठवते ते तंजावर मुलुखातले, जिथे व्यंकोजीराजांच्या वंशाने राज्य केले तिथले, कुंभकोणमजवळचे तिरुप्पनंदाळ. तिथल्या देवळातले कललेले शिवलिंग राजाच्या हत्तींनाही सरळ करता आले नाही, आणि कुंगिलिय कलय नायनार या भक्ताने गळ्यात दोर बांधून ते सरळ केले, अशी कथा आहे. पण त्याच्या आधीची कथा घरातली आहे. मुले उपाशी म्हणून बायकोने गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले, तांदूळ आणायला. वाटेत गुग्गुळ विकणारा भेटला आणि याने मंगळसूत्र देऊन देवाच्या धुपासाठी सगळा गुग्गुळच घेतला! रात्री घर धान्याने भरले, असे पुराण सांगते. पुराणात भरते. मला मात्र चूल विझवून दाराकडे बघत बसलेली ती बायको दिसते. पणाला लागले ते तिचे होते आणि तिला कोणी विचारले नव्हते. खुर्चीवरच्या स्पर्धकामागे प्रेक्षकांत त्याचे माणूस बसलेले असते, कॅमेरा मधूनच तिकडे वळतो, तेव्हा मी उत्तराचे पर्याय सोडून त्या चेहऱ्याकडेच पाहतो.

२०२२ साली नियम बदलला. साडेसात कोटींचा प्रश्न चुकला तरी ७५ लाख पक्के झाले. म्हणजे एक कोटीवाल्याच्या पणाला फक्त २५ लाख. हे समजावून सांगितले तेव्हा आई पहिल्यांदाच म्हणाली, ‘‘मग खेळायला हरकत नाही.’’

वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. ‘‘पंचवीस लाख म्हणजे काय थोडे झाले?’’