चूक झाली, तर उत्तर कोण देणार?

ईद जवळ आली की मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या वस्त्यांमधील पार्लरमध्ये रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. अनेक मुली छोटा कोर्स करून घरातल्याच एका खोलीत पार्लर सुरू करतात आणि घर चालवतात. ही कौतुकाची गोष्ट आहे. पण ग्राहकाला इजा झाली तर उत्तर कोण देणार, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

काळ्या मेंदीचेच पाहा. शुद्ध मेंदीचा रंग कधीच काळा नसतो. काळेपणासाठी तिच्यात बहुधा केसांच्या डायमधील पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. त्याने काहींच्या त्वचेवर फोड येतात, व्रण राहतात. डाय लावण्यापूर्वी ४८ तास आधी त्वचेवर थोडासा लावून पाहावा, ही सूचना पाकिटावरच असते. घाईत ती कोण वाचतो?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली तर भरपाई मागता येते. "काम शिकाऊ मुलीने केले" ही सबब चालत नाही. कामावरच्या माणसाच्या चुकीची जबाबदारी मालकावर येते. निष्काळजीपणाने कोणाची सुरक्षितता धोक्यात आली तर भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ लागू शकते.

म्हणून बिल द्या. कोणाला कोणते उत्पादन लावले याची वहीत नोंद ठेवा. मुदत संपलेला माल फेकून द्या. दिल्लीतील एका हॉटेलच्या सलूनमध्ये बिघडलेल्या केसकापणीसाठी आयोगाने दिलेली दोन कोटींची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केली आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. भरपाईला पुरावा हवा, असे न्यायालयाने बजावले. म्हणजे नोंद ग्राहकाला जशी हवी, तशीच प्रामाणिक मालकालाही हवी.

इजा झालेल्या मुलीला आपल्याकडे "आपल्याच वस्तीतली आहे, जाऊ दे" असे सांगून गप्प केले जाते. तिला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते, दोन वर्षांच्या आत आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रार करणे म्हणजे कोणाच्या रोजीरोटीवर उठणे नव्हे.

खुर्चीत बसणारी व्यक्ती आपला चेहरा विश्वासाने सोपवते. ती अमानत आहे. चूक कोणाच्याही हातून होईल. ती झाकायची की कबूल करून भरून द्यायची, हे मात्र आपल्या हातात आहे.