पेशी मेल्या म्हणून पोर का रडते?



गेल्या पंधरवड्यात गावातलेच एक बागाईतदार सपत्नीक आमच्याकडे आले. चहा झाला, पाऊसपाण्याचे बोलणे झाले, तरी गृहस्थ उठेनात. शेवटी म्हणाले, "गुरुजी, थोरली पुण्यात संशोधन करते, तीन वर्षं झाली. दिवाळीला आली ती दोन रात्री राहून परत गेली. म्हणे, पेशींना खाणं घालायचंय. आणि परवा फोनवर हुंदके देत होती, सगळ्या पेशी मेल्या म्हणून. गाय दगावली तर माणूस रडतो, ते समजतं. हे काय प्रकरण आहे?" माउली हळूच म्हणाल्या, "जमत नसंल तर घरी आणावी पोरीला. वय काय थांबतंय?"

तुमच्यापैकी अनेकांच्या मुली आणि मुले आज अशा प्रयोगशाळांत आहेत. म्हणून त्या दोघांना जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो.

पेशी म्हणजे आपल्या शरीराची वीट, पण जिवंत. शरीराबाहेर काढून प्लास्टिकच्या बशीत ती वाढवता येते. तिला लालसर रंगाचे पोषक पाणी लागते, ३७ अंश सेल्सिअसची ऊब लागते, आणि हवेत सुमारे पाच टक्के कर्बवायू लागतो. दोन-तीन दिवसांत ते लाल पाणी पिवळट पडते. याचा अर्थ खाणे संपत आले, घाण साचली, पाणी बदला. दुभत्या जनावराला रविवार कळत नाही, तसाच पेशींनाही दिवाळी-दसरा कळत नाही. दोन रात्रींत पोर का पळाली ते एवढ्यावरून समजेल.

आता ती त्या पेशींचे करते काय? जनुक म्हणजे कोणते प्रथिन कसे बनवायचे याची लेखी सूचना. ती डीएनए नावाच्या लांबलचक धाग्यावर लिहिलेली असते. एखादी सूचना नेमके कोणते काम करते, ती बिघडली तर कोणता रोग होतो, हे जाणायचे तर ती पेशीच्या आत पोचवून काय घडते ते पाहावे लागते. अडचण दारातच आहे. पेशीचे आवरण स्निग्ध असते, चरबीच्या दोन पदरांचे. डीएनए पडला पाण्यात रमणारा, त्यातून त्याच्यावर ऋण विद्युतभार. पेशीच्या अंगावरही ऋण भारच. चुंबकाची सारखी टोके जवळ आणा, ती जशी एकमेकांना झिडकारतात तसे होते.

१९७३ साली हॉलंडमधील लायडन येथे ग्रॅहम आणि व्हॅन डर एब या दोघा संशोधकांनी एक तोड काढली. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या बारीक साक्यात डीएनए अडकवायचा आणि तो साका पेशींवर पडू द्यायचा. पेशी तो गिळतात. ही रीत स्वस्त खरी, पण लहरी. याच ग्रॅहमसाहेबांनी मानवी मूत्रपिंडाच्या पेशींत एका विषाणूचा डीएनए घालून कायम वाढत राहणारी पेशींची जात तयार केली. तिचे नाव २९३. जगभरच्या प्रयोगशाळांत ती आजही आहे, आणि हा आकडा कुठून आला ठाऊक आहे? तो त्यांच्या वहीतला दोनशे त्र्याण्णवावा प्रयोग होता. हे ऐकून बागाईतदार पहिल्यांदा हसले.

पुढची वाट चरबीनेच दाखवली. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ अॅलेक बँगहॅम यांना दिसले की अंड्याच्या बलकातले लेसिथिन पाण्यात सोडले की त्याच्या आपोआप चिमुकल्या पिशव्या बनतात. (आपल्या सोयाबीनचे तेल शुद्ध करताना निघते तेही लेसिथिनच.) मग १९८७ साली कॅलिफोर्नियात, पालो आल्टोच्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत, फिलिप फेल्गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धन भार असलेली चरबी मुद्दाम घडवली. ऋण डीएनए तिला जाऊन चिकटतो, दोघांची बारीक गाठ होते. चरबी थोडी जास्त ठेवली की त्या गाठीवर धन भार शिल्लक राहतो आणि ती पेशीच्या ऋण अंगाला ओढली जाते. या रीतीला त्यांनी लिपोफेक्शन असे नाव दिले. आज ही रसायने तयार कुप्यांत मिळतात. करंगळीएवढ्या कुपीला हजारो रुपये पडतात, म्हणून सांडले तरी पोरांचा जीव वरखाली होतो.

आता बशीपाशी या. एका थेंबाचे वीस-पंचवीस भाग करावेत, त्यातला एक भाग चरबी. तेवढीच एका लहान खळग्याला लागते. ती आणि डीएनए मिसळून थोडा वेळ, समजा पंधरा-वीस मिनिटे, स्वस्थ ठेवायचे. विरजणासारखेच आहे हे: घाई केली तर लागत नाही, फार वेळ ठेवले तर गाठी मोठ्या होऊन बिघडते. मिसळताना त्यात रक्तद्रव नको, नाहीतर त्यातली प्रथिनेच चरबीला चिकटून बसतात. एरवी जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते औषधही बहुधा त्या दिवशी वर्ज्य, कारण आवरण सैल झाल्यावर तेच आत शिरून पेशीला बाधते. पेशी बशीत विरळ असल्या तर चरबीचा मारा सोसत नाहीत, फार दाट झाल्या तर वाढ थांबते आणि डीएनए घेत नाहीत. आणि चरबी थोडी जरी जास्त झाली तरी फवारणीचे औषध जास्त झाल्यावर पीक करपते तशी गत होते. सकाळी पाहावे तर सगळ्या पेशी सुटून पाण्यावर तरंगत असतात. त्या पोरीचे झाले ते बहुधा हेच.

बरे, गाठ आत गेली म्हणजे जिंकलो, असेही नाही. पेशी ती गिळते आणि एका पिशवीत बंद करते. ही पिशवी हळूहळू आंबट होत जाते आणि आत आलेले पचवून टाकते. बहुतेक माल तिथेच संपतो. थोड्या गाठी पिशवी फोडून निसटतात. त्यातला डीएनए पुढे पेशीच्या केंद्रकात पोचला पाहिजे, आणि केंद्रकालाही भिंत आहेच. पेशी दुभंगून दोन होते तेव्हा ही भिंत काही वेळ विरघळते, तेवढीच संधी. म्हणून भराभर वाढणाऱ्या २९३सारख्या पेशी सूचना सहज घेतात, आणि न वाढणाऱ्या मज्जापेशी महिनोन् महिने दाद देत नाहीत.

घेतली की नाही हे कळावे म्हणून चमकणाऱ्या एका जेलीफिशचे जनुक सोबत घालतात. एक-दोन दिवसांनी निळ्या उजेडात पाहायचे. ज्यांनी सूचना वाचली त्या पेशी हिरव्या चमकतात. हे हिरवे प्रथिन शोधून कामाला लावणाऱ्या तिघांना २००८ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

"एवढं करून उपयोग काय?" हे माउलींनी विचारलेच. १९८९ साली फेल्गनर, मेलोन आणि वर्मा यांनी अशाच चरबीतून उंदराच्या पेशींत आरएनए, म्हणजे सूचनेची कच्ची नक्कल, पोचवून दाखवली. डिसेंबर २०२०मध्ये परदेशात करोनाच्या ज्या आरएनए लसी सुरू झाल्या, त्यांतली सूचना सुधारलेल्या चरबीच्या कणांतूनच जाते. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या आरएनए लसीला जून २०२२मध्ये आपल्याकडे आणीबाणीची परवानगी मिळाली. गावोगाव आपण बहुतेकांनी घेतल्या त्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन मात्र या जातीच्या नव्हेत. आणि लसीने आपले जनुक बदलते ही जी बोलवा उठली होती, तिच्याबद्दल एवढेच सांगतो की आरएनए केंद्रकात शिरत नाही. काम करून तो काही दिवसांत विरून जातो.

हे सगळे सांगेपर्यंत दिवेलागण झाली. घरी आणायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. बागाईतदारांनी तिथूनच मुलीला फोन लावला आणि विचारले, "काय गं, चरबी जास्त झाली का पेशी विरळ होत्या?" पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग जी बोलायला लागली ती थांबेचना. शेवटी आईने फोन हातातून घेतला आणि जेवलीस का म्हणून विचारले.