गोदामात काय आहे ते शेजाऱ्यांना कळलंच पाहिजे

धोकादायक रसायनांच्या साठ्याची माहिती आसपासच्या वस्तीला द्या, असं म्हटलं की कारखानदारांकडून हमखास उत्तर येतं: लोक उगाच घाबरतील. हे उत्तर मला मान्य नाही. भोपाळमध्ये ते वापरून झालं आहे.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटू लागलं. वस्तीसाठीचा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बंद केला गेला, कारण लहानसहान गळतीने लोकांनी घाबरू नये अशी कंपनीची पद्धतच होती. माणसं जागी झाली ती खोकल्याने आणि डोळ्यांच्या आगीने. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारा. ओलं फडकं नाकातोंडावर धरा, वाऱ्याला आडवे निघा, एवढंही कुणी आधी सांगितलं नव्हतं. लोक वाट फुटेल तिकडे धावले आणि धापा टाकताना विष अधिकच छातीत गेलं. रुग्णालयात डॉक्टरांनाही उपचार कशावर करायचे ते धड कळेना. याहून मोठी घबराट कोणती?

दुसरा आक्षेप धंद्याच्या गुपिताचा. पण क्लोरीनचा टँकर हमरस्त्याने येतो तेव्हा त्याच्या पाठीवर रसायनाचं नाव, 1017 हा आंतरराष्ट्रीय क्रमांक आणि आपत्कालीन फोन नंबर ठळक लिहिलेला असतो. नियमच तसा आहे. शेकडो मैल सगळ्यांना दिसलेलं नाव फाटकातून आत शिरल्याबरोबर गुपित कसं होतं? कृती आणि प्रक्रिया खुशाल झाकून ठेवा. साठा किती आणि कशाचा, हे झाकायचा हक्क कुणालाच नाही.

मग म्हणतात, आमचा आपत्कालीन आराखडा तयार आहे. असेलही. धोकादायक रसायनांबाबतच्या 1989 च्या नियमांनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्या कारखान्याने दर सहा महिन्यांनी आत सराव घ्यायचा असतो, आणि धोका काय, अपघात झाला तर काय करायचं, हे बाहेरच्या लोकांपर्यंत पोचवायचं असतं. भिंतीपलीकडे राहणाऱ्या किती जणांच्या घरात असं एखादं पत्रक आहे, ते विचारून पाहा. शिवाय मर्यादेखालचा छोटा कारखाना यातून सुटतो, स्फोट मात्र मर्यादा विचारत नाही. डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला बारा जण गेले. त्याच एमआयडीसीत 23 मे 2024 ला पुन्हा स्फोट झाला, पुन्हा माणसं गेली. सुरुवातीला बॉयलर फुटल्याचं सांगितलं गेलं, रिॲक्टरचं नाव मागाहून आलं. आत काय जळतंय हे पाणी मारण्याआधी अग्निशमन दलाला कळायला हवं, कारण काही रसायनांवर पाणी पडलं तर आगीत भर पडते.

वस्ती कारखान्यानंतर आली, हे पुष्कळ ठिकाणी खरं आहे. त्याचा जाब नियोजन करणाऱ्यांना जरूर विचारावा, पण शेजारी उशिरा आला म्हणून त्याचा श्वास स्वस्त होत नाही.

खर्चाचं रडगाणं तर ऐकवत नाही. फाटकावर रोज अद्ययावत होणारी साठ्याची पाटी, लांबून दिसेल असा वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक, कामगाराला वाचता येईल अशा मराठी-हिंदीतलं सुरक्षा-पत्रक, यांना किती पैसे लागतात? श्वसनसंच आणि फोमसारखी महाग साधनं चार-पाच कारखान्यांनी मिळून घ्यावीत. सरावाला वस्तीतली माणसं बोलवावीत. क्लोरीन जड असतो, तो सुटला तर तळघरात न लपता वरच्या मजल्यावर जायचं, हे दहा वर्षांच्या मुलालाही एका सरावात समजतं.