पाद्र्याने इगर्जीतच राहावे?

डोंगर वाचवायचा असो की खाण थांबवायची, सभेत एखादा पाद्री दिसला की आमच्या गोव्यात कोणीतरी म्हणतोच, ह्यांनी इगर्जीत राहावे. म्हणणारा पुष्कळदा मराठीप्रेमी असतो, हे विशेष!

अशांनी जरा वसईकडे पाहावे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या हिरव्या वाड्या बिल्डरांसाठी मोकळ्या होऊ लागल्या. टँकरवाले विहिरी उपसत होते, गुंडांची दहशत होती. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई'चे नेतृत्व करत रस्त्यावर उतरले. ते धर्मांतरासाठी नव्हे. उपसलेली विहीर हिंदूचीही आटत होती आणि ख्रिस्त्याचीही, आणि चळवळीत दोघेही होते. दिब्रिटोंची बायबलवरची श्रद्धा त्यांना पाण्याच्या प्रश्नापर्यंत घेऊन गेली, यात कोणाचे काय बिघडले?

हेच दिब्रिटो २०१९ साली उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, तर विरोध सुरू. पाद्र्याला हा मान कसा? मग १६१६ साली रायतूरला छापलेले फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' काय करायचे? मराठीच्या अभिमानाचे भाषण करताना तुम्ही सर्वांत आधी तेच तर काढता!

चर्चला प्रश्न विचारू नयेत असे मी म्हणत नाही. कोंफ्रारियांत जात पाहिली गेली, त्याचा जाब जरूर मागा. पण तो मागताना देवळांच्या महाजनकीकडेही एकदा बघा.

दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. गोव्यातल्या किती मराठी संस्थांनी त्यांच्यासाठी शोकसभा घेतली, कोणी मोजून सांगेल काय?