एकावर की एकाचे?

आमचे साडू भाऊसाहेब कुठल्याही गोष्टीत जिंकू शकतात. हरल्यावरसुद्धा. मागे एलटीसी घेऊन आम्ही दोन्ही कुटुंबं गोव्याला गेलो, तेव्हा मांडवीतल्या कसिनोच्या बोटीवर चढलो. 'नुसतं बघायला.' मध्यमवर्गीय माणूस साडीच्या दुकानात, सोनाराकडे आणि कसिनोत नेहमी नुसतं बघायलाच जातो.

पाचच मिनिटांत एका पत्त्यांच्या यंत्रासमोरून आरोळी आली, "जिंकलो!" यंत्राचे दिवे लुकलुकत होते, घंटा वाजत होती, आमच्या मेव्हणीबाई चक्क टाळ्या पिटत होत्या. मी विचारलं, "किती घातले?"

"शंभर."

"आले किती?"

"शंभर!"

आता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बँकेच्या काउंटरमागे बसून वीस वर्षं लोकांना त्यांचेच पैसे परत देतो आहे. पण त्याबद्दल कुणी आजवर टाळ्या पिटलेल्या नाहीत. 'तुमचे तुम्हाला परत' या घटनेला इथे विजय म्हणतात हे पाहून मी त्या यंत्रावरचा तक्ता वाचायला घेतला. गुलामाची जोडी : १. म्हणजे एका रुपयाचा एक रुपया. घंटा मात्र फुकट.

इथेच सगळी गोम आहे. इंग्रजीत त्याला 'टू' आणि 'फॉर' असे दोन शब्द आहेत. आपल्याकडे सांगायचं तर 'एकावर नऊ' आणि 'एकाचे नऊ'. एकावर नऊ म्हणजे लावलेला रुपया परत आणि वर नऊ, हातात दहा. एकाचे नऊ म्हणजे हातात नऊ, त्यातच तुमचा रुपया आला, फायदा आठ. फरक एका रुपयाचा. पण आमच्याकडे कॅश एक रुपयाने चुकली तर रात्री आठ वाजेपर्यंत बसवतात, म्हणून मला त्या रुपयाबद्दल आदर आहे.

रुलेटचं चाक घ्या. एकाच शून्याच्या चाकावर घरं ३७ : एक ते छत्तीस आणि ते शून्य. एका आकड्यावर लावलं तर 'एकावर ३५' मिळतात. प्रत्येक घरावर शंभर लावा. गेले ३,७००, आले ३,६००. शेकडा २.७० रुपये मालकाचे. त्याच जागी 'एकाचे ३५' असं असतं तर आले असते ३,५००. म्हणजे शेकडा ५.४१. आकडा तोच पस्तीस, बदललं फक्त एक अक्षरी शेपूट, आणि मालकाचा वाटा दुप्पट! अमेरिकेतल्या फाशांच्या टेबलांवर दोन्ही भाषा चालतात. दोन फाशांवर बारा पडण्याची शक्यता छत्तीसात एक. तिथे कुठे 'एकावर ३०' लिहिलेलं असतं, कुठे 'एकाचे ३०'. पहिल्यात शेकडा १३.८९ जातात, दुसऱ्यात १६.६७. घाईत वाचणाऱ्याला दोन्हीकडे तीसच दिसतात. घाईत वाचणारा माणूस तिथे मुबलक असतो.

ब्लॅकजॅकची तऱ्हा आणखी गमतीची. काही टेबलांवर पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस आले की दोनावर तीन देतात, काही टेबलांवर पाचावर सहा. भाऊसाहेब म्हणाले, "सहाचं टेबल बरं. तीनापेक्षा सहा मोठे." शंभर रुपयांवर पहिलं टेबल दीडशे देतं, दुसरं एकशेवीस. तीसरीतला अपूर्णांक ज्याचा कच्चा राहिला, त्याच्यासाठी हे टेबल मांडलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, जुगाऱ्याला कसला आलाय हिशेब? तो वाचतच नाही. ठीक आहे. कुणी वाचतच नसेल, तर सरळ लिहायला यांचं काय जातं? ज्या अर्थी वाकडं लिहितात, त्या अर्थी त्यात मिळकत आहे. माझं भांडण जुगाराशी नाही. ज्याला पैसे घालवायचे आहेत त्याने खुशाल घालवावेत, फक्त किती घालवतो आहोत हे त्याला आधी कळलं पाहिजे. बिस्किटाच्या पुड्यावर किंमत लिहावी लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून आम्हा बँकवाल्यांना किरकोळ कर्जदाराला, सगळा खर्च धरून वर्षाला शेकडा किती पडेल, ते त्याला समजणाऱ्या भाषेत आधी लिहून द्यावं लागतं. ते कागद छापून-छापून आमचा प्रिंटर खोकतो. मग जुगाराच्या टेबलावरच एवढं सोवळं का? तिथे ठसठशीत लिहा : 'शंभर लावा. जिंकलात तर तुमच्या शंभरासकट हातात इतके. खेळत राहिलात तर शंभरातले सरासरी इतके आमचे.' दोन ओळी. मराठीत लिहा, कोकणीत लिहा, हिंदीत लिहा. आमच्या महाराष्ट्राने तर १९७६ साली कसिनोचा कायदा करून ठेवला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. त्यामुळे आमची माणसं बोटीवर चढायला गोव्याला जातात आणि अपूर्णांक घरी ठेवून जातात.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितो आहे? काकांमुळे. लालबागला राहायचे. रोज मटक्याचा आकडा लावायचे. १९६२ साली कल्याणजी भगतांनी मुंबईत वरळीला मटका सुरू केला, आणि तो गिरणगावात घरोघर पोचायला वेळ लागला नाही. शून्य ते नऊ असे दहा आकडे, आणि भाव 'एकाला नऊ'. बघा हा शब्द! एकाला. 'वर'ही नाही आणि 'चे'ही नाही. काकांच्या डोक्यात तो कायम 'एकावर नऊ' होता. दहा आकडे, लागला तर एकावर नऊ, म्हणजे अगदी सचोटीचा खेळ, ना तुमचं ना आमचं. आणि सचोटीच्या खेळात आज ना उद्या दिवस फिरणार, ही त्यांची श्रद्धा.

काकू चौथी शिकलेली. तिने एका रात्री डाळीचे दहा दाणे ताटात मांडले. म्हणाली, "दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावा. एक लागणारच. तो बुकीवाला हातात किती ठेवील?"

"नऊ," काका म्हणाले.

"मग दहावा कुठे गेला?"

काका ताटाकडे बघत राहिले. मी तेव्हा लहान होतो, मला वाटलं दाणा खरंच हरवला, म्हणून मी तो ताटाखाली शोधला.

दुसऱ्या दिवशी काकांनी परत आकडा लावला, ही गोष्ट वेगळी. पण भाऊसाहेबांच्या यंत्राची ती घंटा वाजली, तेव्हा मला आठवला तो दाणा. आणि आठवल्या काकूच्या पाटल्या, ज्या अशाच एकेका दाण्याने गेल्या.

भाऊसाहेब अजून सगळ्यांना सांगतात, "गोव्याला जिंकलो बरं का!" त्या संध्याकाळी त्यांचे एकंदर किती गेले ते फक्त मला माहीत आहे. परतीच्या बसचं तिकीट मी काढलं होतं. त्या पैशांचा भाव मात्र आधीच स्पष्ट ठरलेला होता : एकाचा एक. अजून आलेला नाही.