पासोडी ते पुस्तक

अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी नजरेच्या एका टप्प्यात मावत नाही. सुमारे ४० फूट लांब कापड, त्यावर ओळींमागून ओळी. छापखाना नव्हता, तेव्हा कापडाचाच ग्रंथ झाला.

शब्द लोकांपर्यंत नेण्याची हीच तळमळ दिनकर गांगल यांच्या कारकिर्दीत दिसते. ‘महाराष्ट्र टाइम्स’मधला हा पत्रकार बातमीपाशी थांबला नाही. सत्तरच्या दशकात मित्रांसोबत त्यांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभी केली, वाचकांनाच सभासद करून. तिथूनच १९७८मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आणि १९८०मध्ये लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ ही आत्मकथनं आली; गावकुसाबाहेरचं जगणं मराठीच्या माजघरात पोहोचलं.

आपल्या बीडमध्ये दिवाळीनंतर कोयता घेऊन निघणाऱ्या घरांत, उसाच्या फडातल्या कोपीत अशी कितीतरी पुस्तकं न लिहिताच राहिली आहेत. पोरांनो, लिहा. आमची पानं तुमचीच आहेत.

– संपादक